पेंचाक सिलातच्या शैली कशा ओळखाव्यात: इंडोनेशियात शिकायला जाणाऱ्या नवशिक्यांसाठी

गोव्यात २०२३ साली झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये पेंचाक सिलात या इंडोनेशियन युद्धकलेचा समावेश होता. हा खेळ भारतात पाहिलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: काळा गणवेश, छातीवर जाड कवच, मॅटवर आखलेलं वर्तुळ, लाथा आणि पाडापाडी. हेच चित्र घेऊन माणूस जाकार्ताला उतरतो, ‘मला सिलात शिकायचंय’ म्हणतो, आणि समोरचा विचारतो, ‘कुठलं?’ त्या प्रश्नाचं उत्तर निघण्यापूर्वी तयार असेल तर महिने वाचतात.

शैली नावावरून, गणवेशावरून, हातातल्या शस्त्रावरून किंवा वाघ-माकडाच्या गोष्टीवरून ओळखू नका. पाय कसे पडतात, दोघांमध्ये किती अंतर आहे आणि हाताला हात लागला की पुढे काय होतं, या तीन गोष्टी पाहा. खाली सगळं त्याच अंगाने मांडलं आहे.

१. आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

पहिली आलिरान, म्हणजे शैली. एखाद्या गावातून, एखाद्या गुरूपासून निघून ती शिष्यपरंपरेने पसरते. चिमांदे, चिकालोंग, कुमांगो ही आलिरानची नावं, आणि तिन्ही मुळात गावांची नावं आहेत. ग्वाल्हेर किंवा किराणा म्हटलं की आपल्याला गाव आणि गायकी दोन्ही आठवतात, तसाच हा प्रकार.

दुसरी पेरगुरुआन, म्हणजे संस्था. तिची नोंदणी असते, बोधचिन्ह असतं, गणवेश, पट्टे, परीक्षा, शाखा असं सगळं असतं. एका पेरगुरुआनमध्ये अनेक आलिरान शिकवल्या जाऊ शकतात. पश्चिम जावातली १९०९ सालची पांगलिपुर ही संस्था चिमांदे, चिकालोंग, साबांदार असं सुंदा भागातलं बरंच काही एका छताखाली शिकवते. उलट बाजूने, एकच चिमांदे कितीतरी पेरगुरुआनमध्ये थोड्याफार फरकाने शिकवलं जातं. त्यामुळे ‘अमुक संस्थेची शैली कोणती?’ याचं उत्तर पुष्कळदा ‘पाच-सहा’ असं येतं, आणि ते बरोबर असतं.

तिसरी गोष्ट स्पर्धा. इप्सी ही राष्ट्रीय संघटना १८ मे १९४८ रोजी सुराकार्तात स्थापन झाली आणि आंतरराष्ट्रीय संघटना पेरसिलात १९८० मध्ये. त्यांच्या नियमांनी जो खेळ उभा राहिला त्यात चार मुख्य प्रकार आहेत. तांदिंग म्हणजे लढत. तुंगाल म्हणजे एकट्याचं सादरीकरण. गांदा म्हणजे दोघांची बसवलेली झुंज, आणि रेगू म्हणजे तिघांनी एका लयीत केलेलं सादरीकरण. तुंगालमध्ये जगभरातले सगळे खेळाडू त्याच ठरलेल्या १०० हालचाली ३ मिनिटांत करतात, आधी रिकाम्या हाताने, मग गोलोक नावाच्या कोयत्याने, शेवटी तोया म्हणजे काठीने. तांदिंगमध्ये ठोशाला १, लाथेला २ आणि पाडण्याला ३ गुण. मान आणि त्यावरचा भाग मारायला वर्ज्य.

या नियमांचा परिणाम समजून घ्या. डोक्याला मारायचं नाही, लाथेला ठोशाच्या दुप्पट गुण, म्हणून खेळाडू लांबून लाथा मारतात. पारंपरिक शैलींपैकी कितीतरी छातीला छाती भिडेल इतक्या जवळून खेळल्या जातात. तांदिंग पाहून शैलीचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो.

इथे एक चूक वारंवार होते. भारतात दोन-तीन वर्षं तांदिंग खेळलेला माणूस खेड्यातल्या गुरूला ‘मला सिलात येतं’ असं सांगतो. गुरू हसून मान डोलावतात आणि त्याला मूळ पाया शिकवायचा राहून जातो. ‘मी स्पर्धेचा खेळ खेळलोय, शैली शिकलेलो नाही’ असं स्पष्ट सांगा.

२. पाहायला शिका: एक व्हिडिओ, तीन वेळा

कोणत्याही शैलीचा दोन मिनिटांचा, जोडीने केलेल्या सरावाचा व्हिडिओ निवडा. एकट्याचा नको. आवाज बंद करा.

पहिल्यांदा कमरेखालीच पाहा. वजन दोन्ही पायांवर आहे की एकावर? गुडघा जमिनीजवळ जातो का? पावलं सरळ रेषेत पडतात, त्रिकोणात की चार कोपऱ्यांत?

दुसऱ्यांदा दोघांमधलं अंतर पाहा. पाय पोचेल इतकं आहे, हात पोचेल इतकं, की कोपर पोचेल इतकं? आणि हे अंतर कोण कमी करतो, मारणारा की बचाव करणारा? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी आहे. सुंदा भागातल्या काही शैलींत बचाव करणाराच आत शिरतो.

तिसऱ्यांदा हात पाहा. हात हाताला लागल्यावर हाडावर हाड आपटतं, की हात चिकटून राहतो, की मारणाऱ्याचा जोर त्याच्याच दिशेने पुढे जाऊ दिला जातो? शेवट कशाने होतो, ठोशाने, पाडून की सांधा अडकवून?

मग आवाज चालू करा आणि ताल ऐका. ही उत्तरं वहीत लिहा. पाच-सहा व्हिडिओंची अशी टिपणं झाली की शैलींची कुटुंबं आपोआप वेगळी पडायला लागतात.

यातला सापळा म्हणजे केम्बांगान. लढतीआधीच्या किंवा मंचावरच्या लयदार, नाचासारख्या हालचालींना हे नाव आहे. इंटरनेटवर सगळ्यात जास्त दिसतं ते हेच, कारण ते देखणं असतं. त्यात शैलीची चाल दिसते, काम दिसत नाही. गुरूंना भेटल्यावर सांबुत, म्हणजे जोडीचा सराव, पाहू देण्याची विनंती करा.

३. पश्चिम सुमात्रा: पावलांची शैली

मिनांगकाबाउ लोक याला सिलेक म्हणतात. इथे सगळं पावलापासून सुरू होतं. लांगकाह तिगो म्हणजे तीन पावलांची चाल आणि लांगकाह आम्पेक म्हणजे चार पावलांची. पहिले कित्येक आठवडे हात जवळजवळ वापरायचेच नाहीत, नुसतं पाऊल टाकायचं, वळायचं, वजन बदलायचं. बाहेरून आलेल्याला वाटतं की आपल्याला टाळलं जातंय. तसं नसतं. पुढे येणारी प्रत्येक पकड आणि प्रत्येक सुटका त्याच पावलांवर बसवलेली असते. पाऊल एक वीतभर चुकलं तर हात बरोबर असूनही समोरचा पडत नाही, आणि मग माणूस खांद्याचा जोर लावायला लागतो. सिलेकमध्ये नवशिक्याचे खांदे दुखतात ते बहुधा याच कारणाने.

सिलेक तुओ ही तिथली सर्वांत जुनी शैली मानली जाते. शांत, मध्यम उंचीचा पवित्रा आणि पकडी-सुटकांचा लांबलचक संवाद हे तिचं रूप. सिलेक कुमांगो तानाह दातार जिल्ह्यातल्या कुमांगो गावची, शेख अब्दुर्रहमान या सूफी गुरूंच्या परंपरेतली. तिच्यात कलेइतकाच नमाज-स्मरणाचा धागा आहे. लिंताउ, पाउह, सितारालाक या आणखी काही नावाजलेल्या शैली. आणि सिलेक हारिमाउ, म्हणजे वाघाची शैली, जिच्यात खेळाडू इतका खाली जातो की हात जमिनीला टेकतात आणि हल्ला समोरच्याच्या गुडघ्या-घोट्यावर होतो.

परदेशी पाहुण्यांना हारिमाउच हवी असते आणि इथेच फसगत होते. सुमात्रातलं सगळं सिलेक जमिनीसरपट नसतं. बहुतेक शैली उभ्याने किंवा अर्धं बसून खेळल्या जातात. शिवाय ‘हारिमाउ’ हे नाव जावातल्या संस्थांमध्येही भेटतं. तापाक सुची या संस्थेच्या आठ जुरुस-मालिकांपैकी (जुरुस म्हणजे ठरलेल्या हालचालींचा संच) एक हारिमाउ आहे, पेरिसाई दिरीमध्येही हारिमाउ नावाचं तंत्र आहे. त्यांचा मिनांगकाबाउच्या हारिमाउशी शैली म्हणून संबंध धरू नका. नाव ऐकलं की लगेच पुढचा प्रश्न विचारा: कोणत्या गावची, कोणत्या गुरूंची?

सरावाची जागा म्हणजे सासारान. ती मोकळं अंगण असू शकते, मशिदीशेजारच्या सुराउचं, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाचं, पटांगण असू शकतं. वेळ रात्रीची, इशाच्या नमाजानंतरची. पायात गालेम्बोंग ही अतिशय रुंद, मध्ये कापड लोंबणारी विजार. खेळाडू मांड्या फाकवून त्या ताणलेल्या कापडावर हात मारतो तेव्हा ढोलासारखा आवाज येतो, आणि रांदाई या तिथल्या लोकनाट्यात त्याच आवाजावर पूर्ण वर्तुळ चालतं. रांदाई पाहायला मिळाली तर सोडू नका. सिलेकची पावलं सगळ्यात स्वच्छ तिथे दिसतात, कारण वर्तुळातल्या प्रत्येकाला तीच एका वेळी टाकावी लागतात.

पारियामानच्या बाजूला उलू आम्बेक नावाचा प्रकार आहे. दोघं लाकडी मंचावर एकमेकांना स्पर्शही न करता हल्ला-बचाव खेळतात. पाहताना हे ‘खोटं’ वाटू शकतं. त्यात डाव ओळखण्याची कसोटी आहे, मारण्याची नाही.

४. पश्चिम जावा: हाताची शैली

सुंदा भागात तीन नावं आधी पाठ करा: चिमांदे, चिकालोंग, साबांदार. एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर वाढलेल्या या शैली हाताच्या वापरात मात्र फार वेगळ्या आहेत.

चिमांदे बोगोरच्या दक्षिणेकडच्या चिमांदे गावची. परंपरा तिचं मूळ अबाह खैर यांच्याकडे नेते, काळ अठराव्या शतकाचा उत्तरार्ध ते एकोणिसाव्याचा आरंभ. तिचा पाया म्हणजे केलिद. दोघं जमिनीवर समोरासमोर बसतात, गुडघ्यांत जेमतेम एखादी वीत अंतर. एक जण हात टाकतो, दुसरा मनगट आणि कोपर यांच्यामधल्या भागाने तो अडवतो, वळवतो, आणि लगेच आपला हात टाकतो. बसून करण्याचं कारण साधं आहे. पाय काढून घेतले की पळायला जागा उरत नाही, सगळं हाताच्या कोनावर आणि खांद्याच्या सैलपणावर येतं. हाडावर हाड आपटत राहतं. अर्ध्या तासात हात तांबडे होतात, दुसऱ्या दिवशी निळे. सराव झाला की गुरू किंवा थोरला शिष्य बालुर, म्हणजे चिमांदेचं वनस्पतींचं तेल, हातावर चोळतो. हे चोळणं शिक्षणाचाच भाग आहे, ते उरकायचं काम समजू नका आणि आपला बाम काढून लावू नका.

दुखण्याबद्दल नेमकं सांगायचं तर, हातभर पसरलेली निळी झाक आणि दाबल्यावर दुखणं अपेक्षित आहे. दोन-तीन दिवस विश्रांती घेतली की ओसरतं. पण एकाच बिंदूवर टोचणारं, मूठ वळताना वाढणारं दुखणं असेल तर सराव थांबवा आणि एक्स-रे काढा. हाडाला चीर गेलेली असताना केलिद करत राहणं हा नवशिक्यांचा सगळ्यात महागात पडणारा हट्ट आहे.

चिमांदेचे ३३ जुरुस सांगितले जातात. केलिदनंतर उभ्याने करायचे प्रकार आणि मग पेपेदांगान म्हणजे शस्त्राचा भाग येतो. सुरुवातीला तालेक, म्हणजे शपथ घ्यावी लागते: आईवडील आणि गुरूंचा मान राखणं, चोरी, दारू, जुगार यांपासून दूर राहणं अशा स्वरूपाची. ती पाळायची नसेल तर घेऊ नका.

पत्त्याचा एक सापळा इथेच सांगतो. जावाभर ‘चिमांदे’ लिहिलेल्या पाट्या दिसतात. त्यातल्या बहुतेक हाडं बसवणाऱ्यांच्या आहेत, कारण चिमांदे गाव त्या विद्येसाठीही तितकंच प्रसिद्ध आहे. शिकायचं असेल तर पाटीवर जाऊ नका, चिमांदे गावात जाऊन विचारा.

चिकालोंग चिआंजुर जिल्ह्यातली, राडेन हाजी इब्राहिम (१८१६-१९०६) यांनी घडवलेली. इब्राहिम स्वतः चिमांदे शिकले होते, पुढे मादी आणि कारी या बेतावी, म्हणजे जाकार्ताच्या स्थानिक समाजातल्या, गुरूंकडेही शिकले. त्यातून जे निघालं त्यात हाड आपटणं जवळजवळ संपलं. हात समोरच्याच्या हाताला चिकटतो आणि चिकटूनच राहतो. त्या स्पर्शातून जोर कुठून येतोय हे ओळखायचं आणि तो सुरू होतानाच बंद करायचा. अंतर कोपराइतकं, हालचाल इंचांत. लांबून पाहणाऱ्याला दोघं हात धरून हळूहळू डुलताहेत असं दिसतं आणि अचानक एक जण मागे फेकला जातो. व्हिडिओवरून ही शैली शिकता येत नाही, कारण जे शिकायचं ते दिसतच नाही. हात हातात घेऊनच ती पुढे जाते.

साबांदार, म्हणजे चिआंजुरजवळच्या साबांदार गावात येऊन राहिलेले मामा कोसिम यांची परंपरा. ते मूळचे मिनांगकाबाउचे. इथे समोरच्याचा जोर अडवायचा नाही आणि बंदही करायचा नाही, तो जाऊ द्यायचा आणि जाताना त्याचा तोल न्यायचा.

तिन्ही शैलींसमोर एकच ठोसा ठेवून पाहा. चिमांदे तो हाडाने तोडते, चिकालोंग तो निघण्याआधी दाबून धरते, साबांदार त्याला वाट करून देते. सुंदा भागात कुठेही सराव पाहताना हा एक प्रश्न मनात ठेवलात तर शिक्षकाने नाव न सांगताही अंदाज येईल. आज पुष्कळ ठिकाणी तिन्ही मिसळून शिकवतात, त्यामुळे एकाच तासात तिन्ही दिसली तर चक्रावू नका.

या भागाची दुसरी ओळख म्हणजे केंदांग पेंचा, सिलातचं संगीत. ढोलांच्या दोन जोड्या, तारोम्पेत हे सनईच्या जातीचं वाद्य आणि एक गाँग, म्हणजे टांगलेली धातूची थाळी. ताल ठरलेले: तेपाक दुआ संथ, तेपाक तिलू त्याहून खेळता, गोलेम्पांग, पालेरेदान, आणि शेवटी वेगवान, मोकळं पादुंगदुंग. नवशिक्याने आधी तेपाक दुआवरच उभं राहावं. संथ तालात तोल लपवता येत नाही.

५. जाकार्ता: बेतावी शैली

बेतावी शैलींपैकी दोन नावं धरून ठेवा. बेकसी शहराच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांतली, पेतुकांगान हे तिचं मोठं केंद्र. चिनी आणि स्थानिक अशी दोन्ही मुळं तिच्या परंपरेत सांगितली जातात. समोरासमोर उभं राहून छोटे, सरळ, लागोपाठ मारे, कोपराचा भरपूर वापर आणि पाय जमिनीवर आपटणं. चिंगक्रिक रावा बेलोंगची, की माइंग यांच्यापासूनची, माकडाच्या चपळाईशी जोडलेली. तिच्यात पाय हलके असतात, एका पायावर उडी, झटकन बाजूला होणं. बेकसीमध्ये पाय रोवलेला, चिंगक्रिकमध्ये उचललेला, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. रावा बेलोंग फुलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असल्यामुळे सापडायला सोपं आहे.

बेतावी लग्नांत पालांग पिंतू नावाचा विधी असतो. नवरदेवाकडचा माणूस नवरीकडच्या दारावर अडवला जातो, पांतुन या चौओळी काव्यांची जुगलबंदी होते आणि सिलातची झुंज जिंकली की दार मोकळं होतं. झुंज बसवलेली असते. ती पाहून शैलीचं मोजमाप करू नका, पण कोणाकडे शिकावं याची चौकशी करायला ती उत्तम जागा आहे.

६. मध्य आणि पूर्व जावा: संस्थांचा प्रदेश

इथे गावाच्या नावाची शैली शोधत बसलात तर हाती फार लागणार नाही. इथे संस्था विचारायची.

सेतिया हाती ही परंपरा की न्गाबेही सुरोदिविर्यो यांनी १९०३ मध्ये सुराबायात सुरू केलेल्या मंडळातून आली आणि पुढे मादिउनला स्थिरावली. तिच्यातून १९२२ मध्ये की हाजार हारजो उतोमो यांनी सेतिया हाती तेराते उभी केली. आज ती देशातल्या सगळ्यात मोठ्या संस्थांपैकी एक आहे. बंधुभाव आणि दीक्षेचा विधी यांना तिथे तंत्राइतकंच वजन आहे. पट्टे काळा, गुलाबी, हिरवा, पांढरा या क्रमाने चढतात. कराटेच्या सवयीने पांढरा पट्टा पाहून ‘हा नवखा दिसतो’ असं समजू नका.

पेरिसाई दिरी २ जुलै १९५५ रोजी सुराबायात सुबांदिमान दिरजोआतमोजो यांनी स्थापन केली. अनेक प्रदेशांतल्या शैलींचा अभ्यास करून बसवलेली रचना आणि सेरांग हिंदार, म्हणजे हल्ला चढवणं आणि चुकवणं यांचा कवचाशिवायचा सराव, ही तिची खूण. तापाक सुची ३१ जुलै १९६३ रोजी योग्यकार्ताच्या काउमानमध्ये सुरू झाली, ती मुहम्मदिया या इस्लामी संघटनेची. पागार नुसा १९८६ ची, नाहदातुल उलामा या दुसऱ्या इस्लामी संघटनेशी जोडलेली. मेरपाती पुतिह २ एप्रिल १९६३ ची, योग्यकार्ताचीच, श्वासाच्या व्यायामावर उभी. तिथे काँक्रीटच्या लाद्या फोडण्याची प्रात्यक्षिकं होतात. ती पाहून घरी प्रयोग करू नका. श्वास रोखून जोर लावल्याने रक्तदाब एकदम वाढतो, आणि उच्च रक्तदाब असेल तर नाव नोंदवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणं गरजेचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. पूर्व जावात, विशेषतः मादिउनच्या आसपास, वेगवेगळ्या संस्थांच्या सदस्यांमध्ये रस्त्यावर हाणामाऱ्या झालेल्या आहेत. बाजारात आवडला म्हणून एखाद्या संस्थेचं बोधचिन्ह असलेला टी-शर्ट घालून फिरू नका. सदस्य असाल तरी सराव संपल्यावर साधा शर्ट चढवा. मोटरसायकलवर स्टिकर नको.

७. जे सिलात नाही

लोम्बोकमधलं पेरेसेआन, वेताची छडी आणि म्हशीच्या कातड्याची ढाल घेऊन खेळलं जाणारं. फ्लोरेसच्या मांगाराई भागातलं चाचीचं चाबूकयुद्ध. बालीच्या तेंगानान गावातली काटेरी केवड्याच्या पानांची झुंज. तिन्ही गावच्या सोहळ्यांचा भाग आहेत, आठवड्याचा वर्ग लावून शिकायची शैली नव्हेत. बांडुंगचं तारुंग देराजात १९७२ चं, स्वतंत्र आधुनिक युद्धकला. युनेस्कोने २०१९ मध्ये जी परंपरा वारसा म्हणून नोंदवली ती पेंचाक सिलातची.

८. निवड करताना

गुडघे कुरकुरत असतील तर हारिमाउ नको. साबांदार किंवा चिकालोंग घ्या. मनगटाला किंवा पुढच्या हाताला जुनी इजा असेल तर चिमांदे नको. हाताशी एकच महिना असेल तर चिकालोंगच्या वाटेला जाऊ नका, स्पर्शाची जाण महिन्यात येत नाही. त्या वेळात बेकसीचा पाया किंवा सिलेकची तीन पावलं नीट होतात. भारतात परतल्यावर एकट्याने सराव करावा लागणार असेल तर पावलांची शैली टिकते, चिकटण्याची विसरली जाते, कारण तिला रोज दुसरा हात लागतो. हा मुद्दा लोक परत आल्यावर लक्षात घेतात. जोडीदारासोबत जाता आलं तर निवड बरीच मोकळी होते.

एका वेळी एकच शैली. चिमांदेचा अडवणारा हात आणि साबांदारचा वाट देणारा हात एकाच महिन्यात शिकलात तर ठोसा आल्यावर हात मधेच थांबतो.

९. कागदपत्रं आणि सामान

• पासपोर्ट, पोचण्याच्या दिवशी किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला, आणि परतीचं तिकीट.

• आगमनावर मिळणारा व्हिसा: शुल्क ५ लाख रुपिया, मुदत ३० दिवस, एकदा आणखी ३० दिवस वाढवता येते. मुदतवाढ शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. निघण्यापूर्वी इंडोनेशियाच्या इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजे नियम पाहा. या व्हिसावर पैसे घेऊन शिकवणं किंवा मंचावर कार्यक्रम करणं चालत नाही.

• प्रवास विमा घेताना युद्धकलेतली दुखापत त्यात धरली आहे का, ते लेखी विचारा. पुष्कळ पॉलिसींत ती वगळलेली असते.

• दोन सैल काळ्या विजारी, पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, एक लुंगीसारखा सारोंग. गालेम्बोंग किंवा सुंदा-बेतावी भागातला पांगसी हा पोशाख तिथे गेल्यावर, गुरूंना विचारून शिवून घ्या.

• सरावासाठी लाकडी किंवा बोथट शस्त्र. धार असलेला गोलोक आठवण म्हणून आणू नका. भारतात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्रांवर शस्त्र कायद्याचे निर्बंध आहेत आणि गोलोक त्यात सहज बसतो. केरामबित, म्हणजे वाकड्या पात्याचा छोटा सुरा, लहान असला तरी हातातल्या बॅगेत ठेवला तर विमानतळावर जप्त होतो.

जायचं कसं, तर चिमांदेसाठी जाकार्ताहून लोकलने बोगोर, तिथून रस्त्याने. चिआंजुरला बोगोरहून सुकाबुमीमार्गे रेल्वेनेही जाता येतं, वेळ लागतो पण घाटरस्त्यावरच्या कोंडीतून सुटका होते. सिलेकसाठी पादांगला उतरा आणि रस्त्याने बातुसांकारकडे निघा.

१०. पहिली संध्याकाळ

एकट्याने जाऊ नका. ओळखीचा शिष्य, घरमालक, गावचा मुखिया, कोणीतरी सोबत न्या. चप्पल बाहेर. थोरांचा हात आपल्या उजव्या हातात घेऊन किंचित वाका, मग हात छातीशी न्या. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका. हाक कशी मारायची तेही प्रदेशानुसार बदलतं: सुंदामध्ये वृद्ध गुरूंना अबाह, थोरल्या सहाध्यायाला कांग, जावात आपल्याहून थोडा मोठा तो मास, वडीलधारा तो पाक, बेतावींमध्ये बांग, मिनांगकाबाउमध्ये ‘उदा’ म्हणायचं. नुसत्या नावाने कोणालाच नाही.

फी किती, हा प्रश्न गुरूंना थेट विचारू नका. संस्थेत मासिक वर्गणी असते, ती कार्यालयात भरा. सासारानमध्ये मात्र दीक्षेच्या वेळी ठरावीक वस्तू न्याव्या लागतात: पांढरं कापड, सुई-दोरा, सुरी, लिंबं, काही ठिकाणी कोंबडी. यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, थोरल्या शिष्याकडून घ्या. शाकाहारी असाल तर कोंबडीबद्दल त्याच वेळी सांगा, विधीच्या दिवशी नाही. दीक्षेत प्रार्थना इस्लामी असते. मुस्लिम नसलेल्यांना बहुतेक ठिकाणी सामावून घेतात, पण आपण काय म्हणणार आणि काय म्हणणार नाही हे आधी बोलून घ्या. स्त्रियांनी सरावाच्या वेळा आणि सोबत आणखी कोण असतं याची चौकशी आधीच करावी. रमजानमध्ये वेळा बदलतात किंवा वर्ग बंद असतात, त्या महिन्यात पहिलाच दौरा ठरवू नका.

मोबाइल खिशात. जोडीचा सराव आणि दीक्षा चित्रित करायची परवानगी पहिल्या आठवड्यात मागूच नका. पुढे मिळाली तर इंटरनेटवर टाकण्यासाठी वेगळी परवानगी लागते.

आणि काही महिन्यांनी दुसऱ्या शैलीकडे जावंसं वाटलं तर आधी पहिल्या गुरूंना प्रत्यक्ष भेटून सांगा, शक्य असेल तर त्यांच्याकडूनच पुढच्या गुरूंसाठी निरोप न्या. हे जग लहान आहे, चिआंजुरचे गुरू बांडुंगच्या गुरूंना ओळखतात. निरोप घेऊन गेलेल्याला पुढच्या अंगणात पहिल्याच दिवशी बसायला जागा मिळते.